व्हेल्पिंग किट: कात्री चकचकीत, पण वजनकाटा कुठाय?

ऑनलाइन दुकानांत 'व्हेल्पिंग किट' नावाचा डबा मिळतो. गाभण कुत्रीच्या बाळंतपणाचं सगळं सामान एकाच ठिकाणी, असा त्याचा दावा. विक्रेते वेगवेगळे असले तरी आतला माल जवळपास सारखाच निघतो: रबरी फुग्याची पिचकारी, नाळेचे प्लास्टिकचे चिमटे, कात्री, हातमोजे, रंगीत पट्टे, दुधाच्या दोन बाटल्या, शोषक पॅड, एक बारीक नळी आणि नोंदीची कार्डं. मैत्रिणीची कुत्री व्यायला आलीय, मदतीला तुम्ही जाणार आहात, आणि ती विचारतेय की मागवू का हा डबा?

पाचपैकी दोन तारे. डबा बनवलाय तो जन्माच्या चार-सहा तासांसाठी. पिल्लं दगावतात ती बरीचशी त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत, गारठ्याने आणि पोटात पुरेसं दूध न गेल्याने. हे दोन्ही वेळेत कळायला थर्मामीटर आणि ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. बहुतेक डब्यांत नेमकं हेच नसतं.

थर्मामीटरपासूनच सुरू करू, कारण त्याचं काम कळांच्याही आधी सुरू होतं. मेडिकलमध्ये मिळणारा साधा डिजिटल, लवचिक टोकाचा घ्या. दीडशे-दोनशे रुपयांत येतो. कपाळावर रोखायचा इन्फ्रारेड इथे बिनकामाचा, तो केसांचं तापमान सांगतो. गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा, पण मिलनाच्या तारखेपासून मोजलं तर ५८ ते ६८ पर्यंत कुठेही जाऊ शकतो. म्हणून ५८व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातलं तापमान घ्यायचं, टोकाला थोडी व्हॅसलीन लावून. एरवी १०१ ते १०२ फॅरनहाइट असणारा आकडा ९९च्या खाली उतरला की पुढच्या १२ ते २४ तासांत कळा सुरू होतात. ही घसरण काही तासच टिकते. दिवसातून एकदाच मोजणाऱ्याच्या हातून ती निसटते आणि मग 'आमच्या कुत्रीचं तापमान उतरलंच नाही' असं वाटत राहतं.

पिल्लांचे आकडे वेगळे. पहिल्या आठवड्यात ९५ ते ९८ हेच त्यांचं नेहमीचं तापमान. ९४च्या खाली गेलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही, ते कितीही रडलं तरी. गारठलेल्या पिल्लाची आतडी हलत नाहीत. दूध पोटात तसंच पडून राहतं आणि उलटून फुप्फुसात जातं. आधी ऊब, तीही सावकाश, एक ते तीन तास घेऊन. बरेच थर्मामीटर ९०च्या खाली आकडाच दाखवत नाहीत, नुसतं 'लो' येतं. यंत्र बिघडलं असं समजून बाजूला ठेवू नका, ते पिल्लाबद्दलच सांगतंय.

आता डब्यातल्या वस्तू.

फुग्याची पिचकारी कामाची आहे, पण आकार बघून घ्या. मोठ्या माणसाच्या कानासाठी असते तशी जाड टोकाची पिचकारी पॉमेरेनियनच्या पिल्लाच्या तोंडात शिरत नाही. लहान बाळांचं नाक साफ करायची मऊ टोकाची चालते. फुगा आधी बाहेर दाबायचा, मग टोक आत घालून हळूच सोडायचा. आत घालून दाबला तर चिकट पाणी आणखी खोल ढकललं जातं. आधी तोंड, मग नाक. पिल्लाचं डोकं किंचित खाली धरून खडबडीत टॉवेलने पाठ आणि छाती चोळत राहा. पिल्लाला दोन्ही हातांत धरून झोके द्यायची जुनी पद्धत अजून काही जण दाखवतात. तसं करू नका, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

नाळेचे प्लास्टिकचे चिमटे मात्र वाया. ते माणसाच्या बाळाच्या मापाचे. ३५० ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटाला तो लोंबता तुकडा जड होतो, आणि आई चाटताना तोच पकडून ओढते. नाळ मुळापासून ओढली गेली तर हर्निया किंवा रक्तस्राव. त्यापेक्षा मेणाशिवायचा डेंटल फ्लॉस किंवा उकळलेला सुती दोरा घ्या. पोटापासून दोन-तीन सेंटीमीटरवर बांधा, गाठीच्या पलीकडे कापा, टोक पोविडोन आयोडिनमध्ये बुडवा. मुळात आई स्वतः नाळ तोडत असेल तर तोडू द्या. तिच्या दातांनी नाळ चेंगरते आणि रक्तवाहिन्या आपोआप बंद होतात. म्हणूनच डब्यातल्या नव्या कोऱ्या धारदार कात्रीपेक्षा जरा बोथट कात्री बरी. उकळून घेतलेली मात्र हवी.

शोषक पॅड जन्माच्या वेळी उत्तम. नंतर नकोत, आई ते फाडते आणि पिल्लं खाली सरकतात. मग काय अंथरायचं? घरोघरी पहिली आठवते ती गोधडी, आणि तीच सगळ्यात वाईट. घडीत पिल्लू अडकतं, वर आई बसते. उसवलेला दोरा पायाला गुंडाळला गेला तर पाय सुजतो. टर्किश टॉवेलच्या फासांत नखं अडकतात. कुत्र्यांसाठी मिळणारं जाड, रबरी पाठीचं फ्लीस महाग पडतं, पण दोन तुकडे घ्याच: एक खाली, एक धुण्यात. ओल खालच्या थरात उतरते आणि वरचा भाग कोरडा राहतो. नुसता वर्तमानपत्राचा कागद घसरतो, आणि मागचे पाय फाकून सरपटणाऱ्या पिल्लांना तर पकड मिळायलाच हवी.

रंगीत पट्टे फोटोंत गोड दिसतात. पिल्लाचं वजन सात ते दहा दिवसांत दुप्पट होतं, म्हणजे पट्टा रोज सैल करावा लागणार. एक दिवस विसरलात तर काय होईल ते सांगायला नको. काळ्या लॅब्राडोरची आठ सारखी पिल्लं ओळखायची असतील तर एकाचा उजव्या खांद्यावरचा, दुसऱ्याचा डाव्या कुल्ल्यावरचा केसांचा छोटा पुंजका कापा. फुकट काम, आणि गळाही मोकळा राहतो.

नोंदीची कार्डं कागदाला चांगली, रकाने चुकीचे. नाव, रंग, लिंग, जन्मवेळ. खरे हवेत ते रकाने वहीत स्वतः आखा: जोराच्या कळा कधी सुरू झाल्या, पिल्लू किती वाजता बाहेर आलं, मागोमाग वार पडली का, जन्माचं वजन. मदतीला गेलेल्या माणसाचं पहिलं काम हेच, घड्याळ आणि वही. कुत्रीजवळ मालकीण बसते, तुम्ही लिहिता, बाकीची मंडळी दुसऱ्या खोलीत.

हे लिहून ठेवायचं कारण असं की डॉक्टरांना फोन केला की ते वेळाच विचारतात. धापा टाकणं, अंथरूण खरवडणं, जेवण नाकारणं, एखादी उलटी हा पहिला टप्पा. सहा ते बारा तास चालतो, कधी चोवीसही. त्याची घाई नाही. पण जोराच्या कळा येताहेत आणि अर्ध्या तासात पिल्लू नाही, किंवा आत पिल्लं शिल्लक असताना दोन तास काहीच हालचाल नाही, किंवा पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवा-काळा स्राव दिसला, तर गाडी काढायची. तो हिरवा रंग वार सुटल्याची खूण असते. पहिल्या पिल्लानंतर तसाच स्राव आला तर घाबरू नका. तापमान उतरून चोवीस तास झाले आणि कळाच नाहीत, तरीही फोन. आणि आत किती पिल्लं आहेत हे माहीत असल्याशिवाय 'शिल्लक' ठरवणार कसं? त्यासाठी ५५व्या दिवसानंतरचा एक्स-रे. सोनोग्राफीत पिल्लं जिवंत आहेत हे दिसतं, पण मोजणी चुकते. डब्यावरचे पैसे वाचवून एक्स-रे काढला तरी सौदा फायद्याचा.

वारा मोजायच्या, प्रत्येक पिल्लाला एक. गावाकडे गाई-म्हशींच्या बाबतीत 'जार अडकला' म्हणतात, ते कुत्रीतही होतं, फक्त पिल्लं अनेक असल्याने हिशेब चुकतो. आई दोन-तीन खाते. सगळ्या खाल्ल्या तर दुसऱ्या दिवशी जुलाब.

आता वजनकाटा, म्हणजे या सगळ्यातली माझ्या मते सर्वांत मोलाची खरेदी. स्वयंपाकघरातला डिजिटल, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा, ५ किंवा १० किलोपर्यंतचा. चारशे रुपयांच्या आत येतो. पाच ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा घेऊ नका. १२० ग्रॅमचं पॉमेरेनियन पिल्लू दिवसात पाच टक्के वाढलं म्हणजे सहाच ग्रॅम वाढलं, आणि त्या काट्यावर ते पाच दिसेल की दहा, सांगता येत नाही. वर खोलगट भांडं, आत फडका, शून्य करा, मग पिल्लू. स्वस्त काट्यांचा एक त्रास: पिल्लू वळवळलं की आकडा नाचतो. ते कुशीत शिरून शांत होईपर्यंत थांबा. दुसरा त्रास, मिनिट-दोन मिनिटांत काटा आपोआप बंद होतो आणि परत चालू केल्यावर भांड्याचंही वजन धरतो. भांड्याचं वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिला आठवडा दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. पहिल्या दिवशी दहा टक्क्यांपर्यंत घट चालते. त्यानंतर रोज पाच ते दहा टक्के वाढ हवी. लागोपाठ दोन नोंदींत वजन वाढलं नाही तर पिल्लू 'शांत झोपतं, गुणी आहे' असं म्हणत बसू नका. उपाशी पिल्लं पहिले काही तास रडतात, मग गप्प होतात. काटा डोळ्यांच्या आधी सांगतो.

उबेच्या साधनांत फसवणूक जास्त. माणसांच्या कंबरेसाठीचा हीटिंग पॅड पिल्लांना भाजतो, आणि आई वायर चावते ते वेगळंच. इन्फ्रारेड दिवा चालतो, पण होल्डर सिरॅमिकचा हवा, प्लास्टिकचा वितळतो. आणि टांगायचा साखळीने, स्वतःच्या वायरवर नाही. प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर त्याहून बरा, आईला झोप लागते. दिवा नेहमी खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर. पिल्लांना स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही, पण उबेकडे किंवा उबेपासून दूर सरपटता येतं. सगळं खोकं सारखं तापवलं तर पळायला जागाच उरत नाही. पिल्लांच्या पातळीवर पहिल्या आठवड्यात ८५ ते ९० फॅरनहाइट, दुसऱ्यात ८०च्या वर, चौथ्या आठवड्यात ७५ पुरे. त्यासाठी तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ खोक्यात ठेवा. भिंतीवर टांगलेलं उपयोगाचं नाही, जमिनीलगत हवा गार असते. सगळी एकमेकांवर ढीग करून पडली तर त्यांना थंडी वाजतेय. विखरून, तोंड उघडं टाकून रडताहेत तर उकडतंय. शेजारी-शेजारी पसरून झोपेत अंग झटकताहेत तर छान चाललंय.

पुण्या-नाशिकच्या डिसेंबरमध्ये दिवा लागतोच. विदर्भातल्या मे महिन्यात प्रश्न उलटा: खोली आधीच ९५च्या पुढे, दिवा नकोच, आणि कूलरचा झोत थेट खोक्यावर नको. वीज जाणाऱ्या भागात एक-एक लिटरच्या दोन बाटल्या तयार ठेवा. गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून. तासाभराने हात लावून बघा. थंड झालेली बाटली तिथेच राहिली तर पिल्लांचीच ऊब शोषून घेते.

दुधाचं प्रकरण मोठं आहे. पहिली गोष्ट: चीक. पिल्लाची आतडी आईच्या चिकातली प्रतिकारशक्ती पहिल्या चोवीस तासांतच शोषू शकतात, त्यातही पहिले आठ-बारा तास महत्त्वाचे. कोणत्याही पावडरीत ती नसते. कमजोर पिल्लाला आधी आईच्या मागच्या सडांना लावा, तिथे दूध जास्त असतं. धष्टपुष्ट भावंडं तासभर बाजूला.

त्यानंतर कमी पडलं तरच पावडर. कुत्रीच्या दुधात प्रथिनं साधारण ७ ते ८ टक्के आणि स्निग्धांश ९ टक्क्यांच्या आसपास, दुग्धशर्करा ३ ते ४. गाईच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश याच्या निम्म्याहून कमी, शर्करा मात्र जास्त. म्हशीच्या दुधाला साय असते म्हणून लोकांना ते जवळचं वाटतं, पण प्रथिनांत तेही अपुरं. वर 'जड पडेल' म्हणून पाणी घातलं की उरलंसुरलंही गेलं. दुकानात 'पपी' लिहिलेले पौष्टिक पावडरीचे डबेही असतात, माल्ट आणि धान्याचे. ते तीन आठवड्यांपुढच्या पिल्लांचं खाणं आहे, आईच्या दुधाचा पर्याय नव्हे. मागची बाजू वाचा: पावडरीत प्रथिनं ३० टक्क्यांच्या आसपास, स्निग्धांशही जवळपास तेवढाच, आणि घटकांत पहिलं नाव दुधाच्या प्रथिनांचं हवं. रॉयल कॅनिनचं बेबीडॉग मिल्क आणि ब्याफरचं लॅक्टोल ही या प्रकारातली दुकानदारांच्या तोंडी असलेली नावं. छोट्या सीलबंद पाकिटांत येणारं घेतलं तर पावसाळ्यात सोयीचं; कोकणात किंवा मुंबईत उघडलेला मोठा डबा जुलैमध्ये आठवड्यात गोळे धरतो.

हिशेब असा. पहिल्या आठवड्यात १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला साधारण १८ मिली. म्हणजे ४०० ग्रॅमच्या लॅब्राडोर पिल्लाला ७२ मिली, आठ वेळांत वाटून प्रत्येक वेळी ९. एका वेळी १०० ग्रॅममागे ४ मिलीच्या वर जाऊ नका, पोटात तेवढीच जागा असते. आठही पिल्लं पावडरीवर आली तर दिवसाला सहाशे मिलीच्या जवळ दूध, म्हणजे १३०-१५० ग्रॅम पावडर. ४०० ग्रॅमचं खोकं जेमतेम तीन दिवस पुरतं, हे आधीच लक्षात घेऊन मागवा. प्रमाण पाकिटावर दिलंय तेच ठेवा. दाट केलं तर जुलाब किंवा मलावरोध होतो. पाणी उकळून कोमट केलेलं, दूध पाजताना मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल असं. मायक्रोवेव्ह नको, मधे चटका राहतो. फ्रिजमध्ये चोवीस तास टिकतं, पण बाटलीत उरलेलं ओतून द्या.

डब्यातल्या बाटल्यांचं निपल बहुधा बंदच येतं, भोक तुम्हीच पाडायचं. तापवलेल्या सुईने एक बारीक भोक. बाटली उलटी करून हलकेच दाबली तर थेंब-थेंब पडायला हवेत. धार लागली तर भोक मोठं, निपल फेका. पिल्लू पालथं, पोटावर, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनलिकेत, आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा.

बारीक नळी डब्यात आहे म्हणून वापरायची नाही. ती पोटाऐवजी फुप्फुसात गेली तर पिल्लू मिनिटांत जातं. डॉक्टरांनी समोर बसवून एकदा तुमच्या हातून घालून घेतली असेल तरच.

पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने पोटाखाली आणि शेपटीखाली हळू पुसा, शी-शू होईपर्यंत. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना ती आपोआप होत नाही, एरवी आईच्या जिभेचं काम ते.

काही महागड्या डब्यांत कॅल्शियमचं सिरप असतं, आणि त्यासाठी मी एक तारा सरळ कापलाय. गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की शरीर हाडांतून ते काढायची सवय मोडतं, आणि व्याल्यावर पान्हा जोरात असताना रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळतं. पॉमेरेनियन, पग अशा लहान जातींत, पिल्लं जास्त असतील तर हे पहिल्या तीन-चार आठवड्यांत दिसतं: अस्वस्थपणा, धापा, ताठ चाल, मग थरथर आणि झटके. पिल्लं आईपासून काढा आणि तडक डॉक्टर. शिरेतून कॅल्शियम हृदयाचे ठोके ऐकत सावकाश द्यावं लागतं, घरच्या सिरपचं ते काम नाही. तसंच कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं. गोठ्याशी संबंध असलेला कोणीतरी ओळखीचा 'एक इंजेक्शन मारू, पटकन व्याएल' म्हणतोच. पिल्लू आडवं अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटतं.

खोक्याबद्दल: तयार कापडी खोकी आणि फुगवायचे टब दोन्ही टाळा. पहिल्यांना आतला कठडा नसतो, दुसऱ्यांना नखांनी भोक पडतं. सुताराकडून १२ मिलीमीटर प्लायचं करून घ्या. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये लॅब्राडोरला पुरेल असा चार फूट चौरस तळ आणि एक फुटाच्या चारही भिंती बरोबर बसतात. चौथ्या आठवड्यात पिल्लं भिंत चढू लागतील तेव्हा वरून अर्ध्या फुटाची पट्टी ठोकावी लागेल. आत चारही बाजूंनी पीव्हीसी पाइप, तळापासून चार इंच वर आणि भिंतीपासून चार इंच आत. आई भिंतीला टेकून बसली तरी मागे सापडलेलं पिल्लू चिरडत नाही. हा कठडा नसलेलं खोकं कितीही देखणं असलं तरी परत करा. पुसायला फिनेल नको, वास आणि चटका दोन्ही पिल्लांना सोसत नाहीत. एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आणि पूर्ण वाळल्यावरच पिल्लं आत.

पट्ट्यांऐवजी डब्यात एक नेलकटर असतं तर बरं झालं असतं. पहिल्या आठवड्यापासूनच पिल्लांच्या नखांची टोकं दर आठवड्याला कापावी लागतात, नाहीतर दूध पिताना ती आचळ ओरखडतात, आई उठून जाते, आणि ओरखड्यातून स्तनदाह सुरू होतो. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, डोस त्या दिवशीच्या वजनावर. त्यासाठीही काटाच काढावा लागतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान. आणि पिल्लं द्यायची असतील तर घाई करणाऱ्यांना सांगून ठेवा: कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबाबतच्या २०१७च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे फ्लीसचे ते दोन तुकडे किमान दोन महिने धुवावे लागणार, त्या हिशेबानेच टिकाऊ घ्या.